चाकाचं माप
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मोटारीच्या टायरच्या कडेला एक ओळ उठवलेली असते. उदाहरणार्थ, 145/70 आर 12. गाडी धुताना तिच्यावरून आपला हात कैक वेळा फिरतो, पण ती वाचायची वेळ सहसा येत नाही. ती येते सेकंडहँड गाडी घेतल्यावर, पहिल्यांदा टायर बदलायचे झाले की. दुकानदार विचारतो, "साइझ कोणता?" आपण म्हणतो, "आहे तोच टाका." आधीच्या मालकानं जो बसवला तो बरोबरच असणार, असं आपण मानून चालतो. जुन्या गाडीच्या बाबतीत हे मानून चालू नये, असं माझं मत आहे. का चालू नये, हे सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल. कारण त्या ओळीतला प्रत्येक आकडा वेगळ्या काळात आणि वेगळ्या कारणानं तिथं येऊन बसलेला आहे. रुंदी मिलिमीटरमध्ये, रिम इंचात आणि मधला सत्तर हा चक्क टक्का. कापड मीटरवर घ्यावं आणि गळ्याचं माप इंचात द्यावं, तसला हा प्रकार.

मी पाचगणीत राहतो. आमच्याकडे गाडीचं चाक बरोबर आहे की नाही, ही गोष्ट फार काळ लपून राहत नाही. वाई सुमारे सातशे मीटर उंचीवर आणि पाचगणी तेराशेच्या आसपास. मधे बारा किलोमीटरांचा पसरणीचा घाट. सपाटीवर वर्षभर खपून जाणारी खोट हा घाट अर्ध्या तासात दाखवून देतो. (पसरणी हे शाहीर साबळ्यांचं जन्मगाव. घाटाचं नाव निघालं आणि शाहिरांचं निघालं नाही, तर वाईकर रागावतील, म्हणून सांगून टाकलं.)

चाकाला बरोबर मापाचं वेष्टण चढवण्याची विद्या मोटारीबरोबर आली असं नाही. ती आपल्या गावागावांत होती आणि तिला शब्दही होता: धाव. बैलगाडीच्या चाकावरची लोखंडी पट्टी म्हणजे धाव. तुंबा, आरे आणि पुठ्ठे जुळवून सुतार लाकडी चाक उभं करी. त्यानंतर काम लोहाराचं. तो सुतळी फिरवून किंवा छोटी चकती चाकाच्या कडेनं फिरवून घेर मोजी. मग पट्टी वाकवून तिचा गोल जोडायचा, पण चाकाच्या घेरापेक्षा थोडा कमी. किती कमी, ही खरी कारागिरी. गोवऱ्यांच्या आगीत धाव लाल झाली की लोखंड साधारण शंभरात एक या हिशेबानं वाढतं. पाच फूट व्यासाच्या चाकाला म्हणजे जवळजवळ दोन इंच. ती वाढलेली धाव चिमट्यांनी उचलून चाकावर बसवायची आणि वर पाणी ओतायचं. लोखंड आकसतं आणि आरे, पुठ्ठे, तुंबा सगळं आवळून एकजीव होतं. माप सैल राहिलं तर उन्हाळ्यात लाकूड वाळल्यावर धाव रस्त्यातच निसटणार. फार आवळ झालं तर आरे वाकणार. लोहाराच्या हिशेबात बोटभर चुकीलाही जागा नव्हती. इंग्रजीतला टायर हा शब्दही शब्दकोशकारांच्या मते पोशाख या अर्थाच्या शब्दातून आलेला आहे. चाकाचा पोशाख. आपल्या लोकांनी त्या वस्तूला कामावरून नाव दिलं आणि मला ते जास्त आवडतं.

दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि तायघाट या पाच गावांच्या मधे पाचगणी वसली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. जॉन चेसन नावाच्या इंग्रजानं इथं मुक्काम ठोकला, झाडं लावली, निरनिराळ्या धंद्यांचे लोक आणून बसवले. त्या काळी मुंबई-पुण्याचा माणूस पाचगणीला यायचा तो रेल्वेनं वाठार स्टेशनपर्यंत आणि पुढे टांग्यानं. घाटातून जे सामान वर चढलं, ते सगळं याच धावेच्या चाकांवर.

हवेच्या टायरची जन्मकथा अनेकांना ठाऊक असते, म्हणून थोडक्यात सांगतो. रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश इंजिनिअरनं 1845 मध्येच हवेच्या टायरचं पेटंट घेतलं होतं. पण त्या वेळी ना सायकल होती ना मोटार, त्यामुळे ते विसरलं गेलं. 1888 मध्ये बेलफास्टच्या जॉन डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरनं मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तीच गोष्ट पुन्हा शोधली. 1895 मध्ये मिशलाँ बंधूंनी पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत हवेच्या टायरवर मोटार पळवली. वाटेत पंक्चर भरपूर झाली, पण मोटारीला हवेचं टायर चालतं हे जगाला पटलं.

माझ्या विषयाच्या दृष्टीनं महत्त्वाची आहे ती त्या काळच्या आकड्यांची पद्धत. फोर्डची मॉडेल टी ही मोटार घ्या. तिच्या टायरवर 30 × 3½ असं लिहिलेलं असे. यातला 30 हा टायरचा बाहेरून बाहेर व्यास, इंचात. साडेतीन ही रुंदी. टायरची जाडी जवळजवळ त्याच्या रुंदीइतकी असे, म्हणून तिसातून साडेतीन दोनदा वजा केले की रिम निघे, 23 इंचांची. म्हणजे धाव घालणाऱ्या लोहारासारखीच दृष्टी: मोजायचं ते बाहेरचं चाक, जे रस्त्यावर फिरतं. गंमत म्हणजे त्या गाडीच्या सुरुवातीच्या वर्षांत पुढचे टायर 30 × 3 चे आणि मागचे 30 × 3½ चे असत. बाहेरचा व्यास तोच, रिम मात्र एक 24 ची आणि एक 23 ची. हे जुनं खूळ म्हणून हसण्याआधी एक आठवण करून देतो. 2009 मध्ये आलेल्या टाटा नॅनोचे पुढचे टायर 135/70 आर 12 आणि मागचे 155/65 आर 12 होते. सेकंडहँड नॅनोचं चाक पुढचं मागे झालेलं असेल तर ते वाचूनच कळेल, नुसतं पाहून कळायला सवयीची नजर लागते.

याच काळातला आणखी एक शब्द आपण अजून वापरतो, तो म्हणजे स्टेपनी. पूर्वी मोटारीबरोबर जादा चाक मिळत नसे. पंक्चर झालं की रस्त्यावर बसून टायर सोडवायचं. 1904 मध्ये वेल्समधल्या लानेली गावात डेव्हिस बंधूंनी एक युक्ती काढली: आरे नसलेली नुसती रिम, तिच्यावर हवा भरलेलं टायर, आणि ती पंक्चर चाकाला बाजूनं चिमट्यांनी अडकवायची. त्यांचं दुकान स्टेपनी स्ट्रीटवर, म्हणून नाव स्टेपनी. इंग्लंडमध्ये हा शब्द कधीच मागे पडला. आपल्याकडे घाटातल्या पंक्चरवाल्यापासून शोरूमच्या सेल्समनपर्यंत सगळ्यांच्या तोंडी तो जिवंत आहे. या स्टेपनीकडे आपल्याला पुन्हा यायचं आहे, कारण जुन्या गाडीच्या तपासात ती महत्त्वाची साक्षीदार असते.

1920 च्या दशकात बलून टायर आले. हवा कमी, टायर जाड, बसायला मऊ. त्याबरोबर लिहायची पद्धत उलटली. आता 4.40-21 असं लिहायला लागले. पहिला आकडा रुंदीचा आणि दुसरा रिमचा. बाहेरचा व्यास, जो खरं तर सगळ्यात महत्त्वाचा, तो आकड्यांतून गेला. कारखानदारांना ते सोयीचं होतं, कारण टायर रिमवर बसलं पाहिजे ही त्यांची पहिली काळजी. शिवाय जाडी रुंदीच्या जवळपासच असे, त्यामुळे व्यास ज्याचा त्यानं काढून घ्यावा. पुढच्या सगळ्या घोटाळ्याचं बी मला इथं दिसतं.

स्वातंत्र्यानंतरची कित्येक वर्षं आपल्या रस्त्यांवर हीच पद्धत चालली. ज्यांचं वय आज साठीच्या पुढे आहे त्यांना हे आकडे पाढ्यासारखे पाठ असतील. फियाट, म्हणजे पुढची प्रीमियर पद्मिनी, 5.20-14. अँबेसिडर 5.90-15. स्टँडर्ड हेरल्ड 5.20-13. जीप 6.00-16. एसटी आणि ट्रक 9.00-20. नीट पाहिलंत तर लक्षात येईल की प्रत्येक गाडीची रिम वेगळी: चौदा, पंधरा, तेरा, सोळा, वीस. अँबेसिडरचं टायर फियाटला बसवायचं कुणी मनात आणलं तरी ते बसतच नसे. रिम हीच राखणदार होती.

त्या काळची अडचण वेगळी होती. टायर मिळतच नसत. दुसऱ्या महायुद्धात जपाननं 1942 मध्ये मलाया आणि जावा घेतलं आणि जगाच्या रबराचा मोठा साठा एका फटक्यात बंद झाला. आपल्याकडे पेट्रोलबरोबर टायरचंही रेशनिंग आलं. मोटारी कोळशाच्या गॅसवर धावल्या ते हेच दिवस. युद्ध संपलं, स्वातंत्र्य आलं, पण टंचाईची सवय गेली नाही. कारखाने होते, नव्हते असं नाही. हुगळीकाठी साहागंजला डनलॉप 1936 पासून, मुंबईत शिवडीला फायरस्टोन, भांडुपला 1950 च्या दशकाच्या अखेरीपासून सिएट. सिएट या नावातला शेवटचा टी हा इटलीतल्या तोरिनोचा. पण फियाटसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबणारा देश टायरसाठीही थांबायचा. जे मिळेल ते, ज्या कंपनीचं मिळेल त्या कंपनीचं. एकाच गाडीला चार कंपन्यांचे चार टायर आणि स्टेपनीला रिमोल्ड, हे दृश्य सर्रास दिसे. टायर गोटा झाल्याशिवाय बदलायचं नाही, ही त्या पिढीची शिस्त कंजूषपणाची नव्हती, नाइलाजाची होती.

एसटीनं यातून वाट काढली ती स्वतःचे रिट्रेडिंग प्लांट उभारून. जुन्या टायरच्या सांगाड्यावर नवं रबर चढवायचं. इथं पुन्हा मापाचा प्रश्न. बसच्या मागच्या चाकांत एका बाजूला दोन टायर शेजारी शेजारी असतात. त्यांतलं एक नवं आणि एक झिजलेलं असेल तर मोठ्या व्यासाच्या टायरवर सगळा भार येतो, ते तापतं आणि फुटतं. म्हणून डेपोतले अनुभवी लोक जोडी जुळवून लावतात. ऊसपट्ट्यात बैलगाडीला मोटारीचं चाक आलं, तिचं नाव लोकांनी टायरगाडी किंवा डनलॉप ठेवलं. भुईंजच्या साखर कारखान्याच्या वाटेवर मी अशा गाड्यांच्या रांगा पाहिल्या आहेत. तिथंही डावं-उजवं चाक सारखं नसेल तर गाडी एका बाजूला ओढते आणि बैलाच्या खांद्याला ते कळतं.

मग रेडियल आलं. मिशलाँनं त्याचं पेटंट 1946 मध्ये घेतलं. जुन्या टायरमध्ये दोऱ्यांचे थर तिरपे, एकमेकांना छेद देत जातात. रेडियलमध्ये ते एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ जातात आणि वर नक्षीखाली पोलादी पट्टा असतो. त्यामुळे टायरची बाजू लवचिक आणि तळ ताठ. रस्त्याला पकड जास्त, आयुष्य जास्त. आपल्याकडे रेडियल 1970 च्या दशकाच्या शेवटी बनायला लागलं आणि मारुतीचा जमाना सुरू झाल्यावर घरोघरी पोचलं. सुरुवातीला महाग वाटे, म्हणून काही लोक दोनच रेडियल घेत आणि पुढे लावत, मागे जुनेच. हे अगदी उलटं होतं. पुढची चाकं रस्ता धरून ठेवतात, मागची सोडतात आणि ओल्या वळणावर गाडीचं शेपूट फिरतं. दोन जाती मिसळू नयेतच. नाइलाजानं मिसळल्या तर रेडियल मागे.

रेडियलबरोबर आकड्यांची तिसरी पद्धत आली. रुंदी मिलिमीटरमध्ये झाली, रिम मात्र इंचातच राहिली. मिशलाँनं 1970 च्या दशकात रिमही मिलिमीटरमध्ये करून पाहिली. ती टिकली नाही. अमेरिकनांनी अक्षरांची पद्धत काढली, त्यात अक्षर भार सांगायचं. आपल्याकडे मारुती जिप्सीच्या एफ 78-15 या टायरवर ती अनेकांनी पाहिली असेल. त्यातला 78 म्हणजे टायरची उंची रुंदीच्या 78 टक्के. हाच तो मधला आकडा. 145/70 आर 12 म्हणजे रुंदी 145 मिलिमीटर, उंची त्याच्या 70 टक्के, रचना रेडियल, रिम 12 इंच. मधला आकडा लिहिलेलाच नसेल, नुसतं 145 आर 12 असेल, तर उंची 80 टक्क्यांच्या आसपास धरायची. आणि चूक लपते ती इथंच.

आमच्या शेजारच्या एका शिक्षकांनी सेकंडहँड मारुती 800 घेतली. मारुतीनं ही गाडी 2014 मध्ये बंद केली, तरी डोंगरातल्या गावांत तिला मान आहे. लहान, हलकी, कुठंही वळते. त्यांनी मला पाहायला बोलावलं. टायर चारही नवे, एका कंपनीचे, नक्षी खोल. विकणाऱ्यानं तेच सांगून दोन पैसे जास्त घेतले होते. मी वाचलं: 145/80 आर 12. मग डिकी उघडून स्टेपनी पाहिली. ती धुळीनं माखलेली, बहुधा गाडीबरोबर आलेली, कधी न वापरलेली. तिच्यावर 145/70 आर 12. ड्रायव्हरच्या दाराशी चिकटवलेली पट्टी अर्धी सोलपटली होती, पण आकडा वाचता येत होता, आणि तोही सत्तरच. म्हणजे कुणीतरी दुकानात "145 बारा" एवढंच सांगितलं होतं आणि दुकानदारानं अल्टोचं टायर काढून दिलं होतं. रिम बाराचीच, त्यामुळे ते बिनतक्रार बसलं. पूर्वी जी रिम राखण करायची, तिनं इथं डोळे मिटले.

फरक किती, तो हिशेब करून पाहू. बारा इंच म्हणजे 304.8 मिलिमीटर. 145 चे 70 टक्के 101.5, वरचे आणि खालचे मिळून 203. एकूण व्यास सुमारे 508 मिलिमीटर. आता 145 चे 80 टक्के 116, दोनदा 232. एकूण सुमारे 537. फरक 29 मिलिमीटर, म्हणजे गाडी जमिनीपासून जेमतेम अर्धा इंच वर उचलली जाते. डोळ्याला काय दिसणार? पण घेर निघतो शेकडा पावणेसहा जास्त. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला गाडी नऊ सेंटिमीटर जास्त पुढे जाते. वाई ते पाचगणी बारा किलोमीटरला मूळ चाकाचे साडेसात हजारांच्या वर फेरे होतात. या मोठ्या चाकाचे चारशे कमी. स्पीडोमीटर आणि किलोमीटर मोजणारं यंत्र फेरे मोजतं, रस्ता मोजत नाही. त्यामुळे काटा साठवर असताना गाडी त्रेसष्टच्या पुढे असते. आणि ज्या जुन्या गाडीच्या मीटरवर पन्नास हजार किलोमीटर दिसतात, ती सगळा काळ असल्या टायरवर धावली असेल तर खरी जवळजवळ त्रेपन्न हजार धावलेली असते. मीटरला कुणी हात न लावता.

एवढ्यानं बिघडतं काय, असं शिक्षकांनी विचारलं. सपाटीवर फारसं नाही, हे मी कबूल केलं. पण त्यांना रोज मुलांना घेऊन घाट उतरायचा होता. चढताना इंजिनाला प्रत्येक फेऱ्यात जास्त अंतर ओढावं लागतं, म्हणजे दुसरा गिअर थोडा तिसऱ्यासारखा वागायला लागतो. उतरताना याची दुसरी बाजू दिसते. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, असं जुने ड्रायव्हर सांगत आले आहेत, कारण इंजिन गाडीला धरून ठेवतं. मोठ्या चाकावर ती धरण शंभरात पाचानं ढिली होते. ब्रेकचंही तसंच. ब्रेक चाकाच्या मध्याजवळ धरतो आणि रस्ता चाकाच्या कडेला असतो. मधलं अंतर वाढलं की तेवढ्याच पायाच्या दाबाला रस्त्यावर पडणारा रोध कमी. शंभरात पाच ही काही घाबरून जाण्यासारखी गोष्ट नाही. पण गाडीत पाच माणसं, पावसाळी धुकं, समोरून एसटी आणि तापलेले ब्रेक, असं सगळं एका वळणावर जमलं की हे पाच मोजावे लागतात. आणखी एक गोष्ट मी त्यांना हातानं दाखवली. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढचं टायर आतल्या बाजूला घासत होतं. मडगार्डच्या आत काळी चकचकीत रेघ पडली होती. घाटात गाडी भरलेली असेल तर दबून आणखी घासणार. टायरची बाजू हा त्याचा सगळ्यात नाजूक भाग, आणि रेडियलची तर जास्तच.

त्यांनी चार टायर बदलून 145/70 चे घातले. काढलेले टायर एका अल्टोवाल्यानं घेतले. त्या टायरांत खोट काहीच नव्हती, ते फक्त दुसऱ्या गाडीचे होते.

हौसेनं केलेल्या चुकीविषयीही बोललं पाहिजे. टंचाईच्या पिढीनं मिळेल ते टायर लावलं, त्यांना मी दोष देणार नाही. आजची गोष्ट उलटी आहे. दुकानात सगळं मिळतं, आणि म्हणून रुंद टायर आणि चकचकीत अलॉय घालून गाडी "भरल्यासारखी" दिसावी अशी इच्छा होते. पुण्या-मुंबईकडून डोंगरात येणाऱ्या जुन्या गाड्यांत मला असल्या बऱ्याच दिसतात. रिम एक इंचानं वाढवायची तर मधला टक्का कमी करून बाहेरचा व्यास जवळपास तोच राखता येतो, आणि जाणकार दुकानदार तसं करूनही देतो. पण 800 ला 155/65 आर 13 घातलं की व्यास 532 मिलिमीटर होतो, म्हणजे पुन्हा जवळजवळ पाच टक्के जास्त. रुंदीमुळे स्टिअरिंग जड. विकत घेणाऱ्याला ती गाडी देखणी दिसते, एवढंच. कागदपत्रांत आणि दारावरच्या पट्टीवर जो साइझ आहे त्यावर परत जावं, या मताचा मी आहे. कंपनी एकाच गाडीच्या वरच्या मॉडेलला वेगळा साइझ देते, तेव्हा त्या पट्टीवर दोन आकडे असतात; त्यांतला आपल्या रिमचा घ्यावा.

साइझच्या पुढे आणखी एक आकडा आणि अक्षर असतं, 69 एस किंवा 74 टी असं. आकडा भाराचा: 69 म्हणजे एका टायरवर 325 किलो, 74 म्हणजे 375. अक्षर वेगाचं. जुन्या टायरवर याच जागी 4 पीआर, 6 पीआर असे प्लाय लिहीत. एकेकाळी टायरमध्ये सुती दोऱ्यांचे खरोखर तितके थर असत. पुढे रेयॉन आणि नायलॉन आलं, थर कमी झाले, पण आकडा ताकदीचं माप म्हणून राहिला. नवं टायर मूळ टायरपेक्षा कमी भाराचं घेऊ नये. व्यास जुळला आणि भार कमी पडला, तर मे महिन्यात भरलेल्या गाडीखाली ते टायर तापतं.

आता पाचगणीची एक खास गोष्ट. इथले बंगले वर्षातून दोनदा उघडतात, मे महिन्यात आणि दिवाळीत. बंगल्याबरोबर एखादी गाडीही असते, पत्र्याच्या शेडमध्ये अख्खा पावसाळा उभी. अशी गाडी विकायला निघाली की जाहिरात ठरलेली: कमी चाललेली, टायर नव्यासारखे. नक्षी खरोखर नव्यासारखी असते. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी मोटारीच्या टायरची नक्षी किमान 1.6 मिलिमीटर हवी असं सांगितलं आहे, आणि इथं तर चांगली सहा-सात असते. पण रबर न चालताही म्हातारं होतं. एका जागी उभं राहून टायर चपटं बसतं, बाजूला केसासारख्या भेगा पडतात. यासाठी आणखी एक आकडा पाहायचा. टायरच्या कडेला लांबट चौकटीत चार आकडे असतात, समजा 2314. तेविसावा आठवडा, 2014 साल. 2000 पूर्वीच्या टायरवर तीनच आकडे असत. चार असले तर टायर या शतकातलं. ही चौकट पुष्कळदा टायरच्या एकाच बाजूला असते आणि नेमकी आतल्या बाजूला येते. गाडीखाली वाकून, बॅटरी मारून वाचावं लागतं. विकणारा म्हणतो, "साहेब, कपडे खराब होतील." होऊ द्यावेत.